खेळ आटपला की येतील

आमच्या शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही. मी अजून तिथे मुलांना चित्रकला शिकवतो आणि हेडमास्तर माझ्यावर आधीच नाराज आहेत. शाळा गिरगावात आहे, एवढं पुरे. तिच्या माजी विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. नाताळच्या सुट्टीत हे मंडळ एक दिवस जागं होतं, मैदानावर शाळेच्या मुलांशी क्रिकेटचा सामना खेळतं, दिवेलागणीला एकत्र जेवतं, एकमेकांची भाषणं सहन करतं आणि पुन्हा वर्षभर गाढ झोपतं. बारा महिने जागा असायचा तो एकटा रमाकांत रेळे, मंडळाचा चिटणीस.

रमाकांत माझ्या वर्गातला. जातीने सोनार, पण हाताला वळण नाही म्हणून बापाने त्याला कधी शेगडीजवळ बसू दिलं नाही. मॅट्रिकची परीक्षा त्याला पावली नाही. मग फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात दस्तऐवजांच्या नकला करायला लागला. लग्न झालं होतं, बायको पहिल्याच बाळंतपणात मुलासकट गेली. दुसरं लग्न कर म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं, हा हसून विषय बदलायचा. ठाकूरद्वारला भावाच्या बिऱ्हाडात राहायचा. भावजय वाईट नव्हती, पण ताट वाढायची ते दुरून सरकवून. घरात त्याला कुणी काही विचारत नसे, ऑफिसात तर नाहीच नाही. मंडळात मात्र वकील, डॉक्टर, म्युनिसिपालटीतले मोठे अंमलदार त्याला विचारायचे, "काय चिटणीस, यंदा जेवणाला काय?" त्या एका प्रश्नावर हा माणूस वर्ष काढायचा. मी त्याची थट्टा पुष्कळ केली आहे. आता करवत नाही.

गंमत अशी, की त्याला स्वतःला क्रिकेट मुळीच येत नसे. आमचे मराठीचे मास्तर त्या खेळाला चेंडूफळी म्हणत. रमाकांतच्या हातात फळी आली की चेंडू आणि ती यांची गाठ म्हणून पडायची नाही. पण सामन्याच्या दिवशी उजाडायच्या आत तो जमीन चोपायचा धुमस खांद्यावर टाकून मैदानावर हजर. तिथे गोऱ्यांचे पोलोचे घोडे नाचून गेलेले असायचे, जमिनीला खुरांचे खड्डे. ते खड्डे भरून, पाणी मारून, धुमसाने चोपून हा जागा सारखी करायचा. मग राहुटी उभारायची, पाण्याचे हंडे आणायचे, पाणी वाढायला दोन जातींची दोन माणसं ठेवायची, म्हणजे कुणाची कुरकुर नको. सामना सुरू झाला की राहुटीच्या दाराशी उभा राहून प्रत्येक चेंडूला आपलेच पाय हलवायचा.

मंडळाचा खरा खेळाडू एकच, कुशाबा. हा परळचा. त्याचा बाप रत्नागिरीकडून येऊन गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, झालेला, चाळीत दोन खोल्या राखून असलेला. मुलाने इंग्रजी शिकावं म्हणून त्याने त्याला थेट गिरगावात आमच्या शाळेत घातलं. चाळीतला पहिला इंग्रजी शिकलेला मुलगा. पुढे तोही गिरणीतच गेला, पण टाइमकीपर म्हणून, कोट घालून. शाळेत पहिल्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या बोलण्याला हसलो होतो. रमाकांत तेवढा हसला नाही आणि डब्यातली अर्धी पोळी त्याच्यापुढे केली. पोरवयातली ही ओळख पुढे इतकी घट्ट झाली, की कुशाबाच्या लग्नात रमाकांत वऱ्हाडाबरोबर बोटीने कोकणात जाऊन आला आणि वाटेत ओकून ओकून अर्धा झाला. कुशाबाची बायको रखमा त्याला नाव घेऊन न बोलता 'मंडळवाले भावोजी' म्हणायची. तिच्या हातची कुळथाची पिठी खायला तो ठाकूरद्वारहून परळपर्यंत रमतगमत चालत जायचा. तिथे त्याचं ताट कुणी सरकवत नसे.

कुशाबा बॅट घेऊन उभा राहिला की शाळेची मुलं गोलंदाजी विसरून बघत राहायची. जोरकस मारायचा नाही. चेंडूला जिथे माणूस नाही तिथे नुसता वळवून द्यायचा. मैदानात आम्ही सगळे एकाच चेंडूला थुंकी लावायचो आणि संध्याकाळी त्याच हातांनी आपापल्या जातीच्या पंगतीला जाऊन बसायचो. कुशाबाची पंगत शाळेच्या ओसरीवर. तिथे वाढायला रमाकांत स्वतः जायचा आणि त्याच्या पानात जिलबी इतकी टाकायचा की बाकीचे ओरडायचे.

अठराशे शहाण्णव साली मांडवीकडे गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला आणि नाताळापर्यंत मुंबई निम्मी रिकामी झाली. ज्यांना गावं होती ते गावाला गेले, ज्यांना नव्हती ते नातेवाइकांची गावं शोधत फिरले. शाळा बंद. सामना नाही, जेवण नाही. रमाकांत तेवढा ठाकूरद्वारलाच राहिला. त्या नाताळात तो एकटा मैदानावर जाऊन आला हे मला पुढे त्याच्या पुतण्याकडून कळलं. मी रमाकांतला विचारलं, "तिथं काय केलंस रे?" तर म्हणाला, "काही नाही. खड्डे होते, बुजवले."

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात साथ ओसरली. माणसं परत आली, शाळा भरू लागली. पण मंडळ काही परत येईना. अध्यक्ष वारले होते, दोघे-तिघे चांगले खेळाडू गेले होते. उरलेल्यांना एकत्र येण्याचा धीर नव्हता. रमाकांत दारोदार हिंडला. वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या. माझ्याकडे आला तेव्हा त्याचा गळा बसला होता. "सलग दोन वर्षं मोडली तर मंडळ संपलं," तो म्हणाला. "मग मी कुठे जाऊ, सांग." हे वाक्य त्याच्या तोंडून सहज गेलं. मी खेळायला येतो म्हणून कबूल केलं.

कुशाबा मात्र अडला होता. डिसेंबरात साथ पुन्हा डोकं वर काढायला लागली होती आणि त्यांच्या मागच्या चाळीत उंदीर मरून पडले होते. रमाकांतबरोबर मी परळला गेलो होतो, म्हणून ते बोलणं मी कानांनी ऐकलं आहे. कुशाबा म्हणाला, "यंदा नको रे. घर सोडून दिवसभर बाहेर राहावंसं वाटत नाही."

"तू नसलास तर पोरंसुद्धा यायची नाहीत," रमाकांत म्हणाला. "एक दिवस. जेवलास की सुटलास."

आतून रखमा म्हणाली, "जावा हो. भावोजी एवढे सांगतात तर. माका काय खाऊक बसलाय काय कोण?" आणि ती हसली. तिच्या त्या हसण्यावर सगळं ठरलं.

सामन्याच्या दिवशी ऊन छान होतं. जमतील न जमतील म्हणता म्हणता माणसं बरीच जमली. इतक्या दिवसांनी एकमेकांना बघून लोक उगाचच मोठ्याने बोलत होते. कोण कोण नाही याची चौकशी मुद्दाम कुणी केली नाही. शाळेच्या मुलांनी आधी फळी केली आणि आम्हांला चांगलं पळवलं. दुपारचा फराळ झाल्यावर आमचे गडी आले आणि भराभर गेले. एका बाजूला कुशाबा टिकून. शेवटी माझ्यावर पाळी आली. मला चेंडू नीट दिसत नाही हे शाळेतल्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. कुशाबा म्हणाला, "तू फक्त उभा राहा. बॅट हलवू नकोस. बाकी मी बघतो." मी तसा उभा राहिलो. धावा हळूहळू जुळत चालल्या. राहुटीतून आरडाओरडा होऊ लागला. रमाकांतचे पाय जागच्या जागी नाचत होते.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने एक माणूस पळत आला. राहुटीपासून बराच अलीकडे, एका झाडाशी थांबला. डोक्यावर काही नव्हतं, पाय अनवाणी. रमाकांत त्याच्याकडे गेला. दोघांत काही बोलणं झालं. रमाकांतने पाणी मागवलं, त्या माणसाने हात हलवून नको म्हटलं. आम्ही मैदानाच्या मधोमध होतो, तोंडं काही ओळखू येत नव्हती. षटक संपलं होतं. कुशाबा बॅटवर रेलून तिकडे बघत होता.

"बोडका आलाय," तो मला म्हणाला. "कुणाच्या तरी घरचा सांगावा दिसतो. पाणीसुद्धा घेत नाही बघ."

मी म्हटलं, "हो."

"कुणाचा असेल रे?" तो म्हणाला. "बिचारा. इकडे खेळतोय आणि त्याला ठाऊकही नाही." मग त्याने टोपी सारखी केली आणि पुढचा चेंडू खेळायला उभा राहिला.

तो माणूस शिवा होता, रखमेचा धाकटा भाऊ. कुशाबाने त्याला आजवर मुंडाशाशिवाय पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही. आता रमाकांतचं आणि त्याचं काय बोलणं झालं ते सांगतो. हे मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे आणि दोघांच्या सांगण्यात काडीचा फरक नाही.

शिवा म्हणाला, "ताईचा काय खरा दिसत नाय. दाजीना बेगीन लावून द्या."

रमाकांतने त्याच्याकडे पाहिलं. डोकं बोडकं. पायांत काही नाही. जवळ यायला तयार नाही, शिवायला तयार नाही, पाण्याला नको म्हणतो. आपल्यात मरणाचा सांगावा घेऊन माणूस येतो तो असाच येतो. गेली असं तो तोंडाने म्हणत नाही. जास्त आहे, खरं दिसत नाही, लवकर चला, एवढंच म्हणतो आणि ऐकणारा समजतो. गेली का, असं ऐकणाराही विचारत नाही. हे अभद्र शब्द तोंडातून काढायचे कुणी? रमाकांतने स्वतःच्या बायकोच्या वेळी असाच एक बोडका माणूस ऑफिसच्या दारात उभा राहिलेला पाहिला होता. तो समजला. रखमा गेली.

आणि मग त्याने जे केलं ते आपल्या सगळ्यांच्या घरांतून केलं जातं. लांबून आलेल्या माणसाला दारातच वाईट बातमी देत नाहीत, आधी जेवू घालतात. कानावर गेल्याशिवाय सुतक लागत नाही. एकदा का गेलं, की तिथून पुढे तो माणूस सुतकी, अन्नाला पारखा, उद्यापर्यंत त्याच्या पोटात घास जायचा नाही. कुशाबा पहाटे चहावर निघालेला. खेळात असला की दुपारचा फराळ घेत नाही, त्याची सवय. रमाकांतने विचार केला, जायची ती गेली. तासा-दोन तासांनी तिला काही फरक पडत नाही. ह्याला डाव पुरा करू दे, दोन घास पोटात जाऊ दे. मग मीच सांगेन आणि मीच घेऊन जाईन. यात मंडळाचा विचार त्याच्या मनात मुळीच नव्हता असं मी म्हणणार नाही. तोही कधी म्हणाला नाही. राहुटी भरलेली होती, धावा थोड्याच राहिल्या होत्या, दोन वर्षांनी दिवस आला होता. पण त्याने ते मायेपोटी केलं हेही तितकंच खरं. याहून वाईट काय असू शकतं, मला सुचत नाही.

तो शिवाला म्हणाला, "तू हो पुढे, घरात माणूस लागेल. खेळ आटपला की येतील ते. मी घेऊन येतो."

शिवाचं मुंडासं धावत्या ट्रॅममधून उडी टाकताना पडलं होतं आणि ते उचलायला तो थांबला नव्हता. वहाणा त्याने घरीच टाकल्या होत्या. पाणी घेतलं नाही कारण थांबायला वेळ नव्हता. जवळ आला नाही कारण सकाळपासून गाठीच्या रोग्याला उचलून धरलं होतं आणि ते दुसऱ्याला लागू नये एवढी अक्कल त्या पोराला होती. रखमेला उन्हं चढताना हुडहुडी भरून ताप आला, दुपारी जांघेत गाठ दिसली. पण ती शुद्धीवर होती. कुशाबाला बोलवा म्हणत होती. शिवाला वाटलं, निरोप पोचला. तो आला तसा पळत गेला.

आम्ही सामना जिंकलो. शेवटची धाव माझ्या बॅटला चुकून लागलेल्या चेंडूवर निघाली. लोकांनी मला आणि कुशाबाला खांद्यावर घेतलं. रमाकांत टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळ्यांना वाटलं, आनंदाचं. कुणीतरी म्हणालं, "चिटणीसाला पोरगं झालं जणू!" आणि हशा झाला.

मैदानातून आम्ही चालत गिरगावात आलो. कुशाबाला घरी जायची ओढ लागली होती. "मी असाच निघतो रे," तो म्हणाला. रमाकांतने त्याचा हात धरला. "आज पहिल्या पंगतीला बसवतो तुला. दोन घास खाऊन जा. माझं ऐक." त्याचा आवाज असा काही लागला की कुशाबाला नाही म्हणवेना.

ओसरीवर पानं मांडली. रमाकांतने स्वतःच्या हाताने त्याला वाढलं. मसालेभात वाढला, वर तूप वाढलं, जिलबी वाढली. कुशाबा पुरे म्हणाला तरी वाढली. समोर बसून, लहान मुलाला भरवतात तसा एकेक घासाकडे बघत राहिला. कुशाबा हसून म्हणाला, "अरे, मी काय उद्यापासून उपाशी राहणार आहे का?" मी शेजारच्या पंगतीतून हे ऐकलं आणि इतरांबरोबर हसलो. रमाकांत वाटी घ्यायच्या निमित्ताने उठून आत गेला.

कुशाबाने हात धुतले तसा रमाकांत त्याला बाजूला घेऊन गेला. मला खूण केली, मीही गेलो. घोडागाडी आधीच बोलावून ठेवली होती. "कुशाबा," रमाकांत म्हणाला, "दुपारी शिवा आला होता."

कुशाबाला एवढंच पुरलं. "तो बोडका?" एवढं म्हणून तो खाली बसला. मग उठला आणि गाडीत चढला. वाटेत रमाकांत त्याच्या पाठीवर हात फिरवत होता आणि म्हणत होता, "आम्ही आहोत. सगळं करू. तू काळजी करू नकोस." भायखळ्याचा पूल गेला, लालबाग गेलं. घोडा थकला होता आणि गाडीवान त्याला शिव्या देत होता.

चाळीच्या जिन्यात बायका उभ्या होत्या. आम्हांला बघून बाजूला झाल्या. खोलीत रखमेला खाली घेतलेलं होतं. उशाशी दिवा नुकता लावलेला, वात अजून नीट पेटली नव्हती. शेजारच्या मीराबाई रखमेचे केस सारखे करत होत्या. त्यांनी कुशाबाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडाचा ताबा सुटला.

"आता आलास होय रे? आता आलास? दिवे लागले तवर शुद्धीत होती ती. दाराकडं डोळं लावून होती. शिवाला सारखी इचारायची, खेळ आटपला काय रे? खेळ आटपला काय?"

कुशाबा शिवाकडे वळला. शिवा कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मी सांगितलंय तिका. खेळ आटपला की येतत म्हणान. मंडळवाल्यांनी सांगितला तसाच सांगितला."

मग मीराबाईंनी शेवटचं सांगितलं. त्या बाईला राग होता, तिचं चुकलं नाही. रखमा म्हणाली होती, "असू दे. वर्सातून एकच दिवस असता त्यांचा." आणि भिंतीकडे तोंड केलं होतं.

रमाकांत दारात उभा होता. कुशाबाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो रखमेजवळ बसला, तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि तिच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही गं. मला ठाऊकच नव्हतं." तो ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शेवटी माणसांनी त्याला धरून उठवलं. रमाकांत जिन्यात जाऊन बसला होता. तिरडी खाली न्यायची होती म्हणून कुणीतरी त्याला सरक म्हणालं, तेव्हा सरकला.

मरण त्या साली घरोघर होतं. कुशाबाला ते सोसता आलं असतं. माझा भाऊ त्याच महिन्यात गेला आणि मी जेवतो-खातो आहे. पण रखमा जाताना काय समजून गेली, ते त्याला सोसवेना. माझा नवरा चेंडू खेळत राहिला आणि मला बघायला आला नाही, असं समजून गेली. रागावलीही नाही. खरं काय होतं ते आता तिला कुणी समजावून सांगू शकत नव्हतं.

तेराव्यानंतर रमाकांत परळला गेला. मी त्याला सांगत होतो, जाऊ नकोस. कुशाबाने त्याला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. रमाकांत म्हणाला, "मला मार. काहीतरी कर. तू म्हणशील ते मी करतो."

कुशाबा म्हणाला, "तिला जाऊन सांगशील?" आणि उठून कामावर गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता असं रमाकांत मला सांगत होता. खरंच विचारल्यासारखं त्याने विचारलं होतं.

त्यानंतरच्या नाताळात सामना झाला. साथ असून झाला, कारण मंडळ आता जागं झालं होतं आणि तरुण पोरांनी ते हातात घेतलं होतं. कुशाबा आला नाही. रमाकांतने पहाटे येऊन खड्डे बुजवले, पाणी भरलं, सगळं केलं. जेवणाआधी भाषणं झाली तेव्हा तो उभा राहिला. त्याने आयुष्यात भाषण केलं नव्हतं. म्हणाला, "गेल्या वर्षी कुशाबाच्या घरून निरोप आला होता. तो मी अडवला. कुशाबाला ठाऊक नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं." एवढं म्हणून बसला. मग कुणीतरी वाढप्यांना हाक मारली.

त्या दिवसापासून त्याला हे सांगायचा नादच लागला. ऑफिसात सांगायचा, ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर सांगायचा, ज्यांनी कुशाबाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना थांबवून सांगायचा. परळच्या चाळीत जाऊन एकेका बिऱ्हाडाच्या दारात उभा राहून सांगितलं. मीराबाईंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या आणि म्हणाल्या, "आता आमास्नी सांगून काय व्हनार, भावोजी?" पुढच्या सभेत नवे अध्यक्ष, नामांकित वकील, त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "रेळे, झालं ते झालं. गोड जेवणाच्या दिवशी ते कशाला काढायचं?" आणि चिटणिसाचं काम दुसऱ्या एका हुशार तरुणाकडे गेलं. त्याने आल्या आल्या जिंकणाऱ्यांसाठी चांदीचा पेला ठेवला आणि जमीन सारखी करायला मजूर लावले. रमाकांतचा धुमस अजून आमच्या शाळेच्या अडगळीत पडून आहे. मला मंडळाचा संताप आला. पण राजीनामा देण्याइतका आला नाही.

नव्याण्णवच्या मार्चात रमाकांतला गाठ आली. भावाचं बिऱ्हाड घाईघाईने गावाला गेलं. दोष देत नाही, लहान मुलं होती. मी आणि एक शेजारी त्याच्यापाशी होतो. सकाळी डॉक्टर बघून गेले आणि जाताना बाहेर मान हलवली. रमाकांत तापात सारखं ते एकच बोलत होता. त्याला सांगितलं नव्हतं, त्याला ठाऊक नव्हतं.

मी उठलो आणि परळला गेलो. गिरणीच्या फाटकातून कुशाबाला बाहेर बोलावलं. डोक्यावर टोपी आहे ना, पायांत जोडा आहे ना, हे मी आधी चाचपून पाहिलं. तो दिसताच पहिलं वाक्य मी हे म्हणालो, "रमाकांत जिवंत आहे. त्याला गाठ आली आहे. आज जाईल. यायचं असेल तर आत्ता चल." असा उघडा निरोप मी कधी कुणाला दिला नव्हता. आमच्या मंडळातली माणसं आता असेच निरोप देतात.

कुशाबाने मागे वळून कुणाला विचारलंही नाही. तसाच निघाला.

खोलीत आल्यावर तो अंथरुणापाशी बसला. मी म्हटलं, "शिवू नकोस." त्याने ऐकलं नाही. रमाकांतचा हात हातात घेतला. रमाकांतचे डोळे अर्धे उघडे होते, बोलणं बंद झालं होतं, नुसते ओठ हलत होते. कुशाबाने त्याला दोनदा नावाने हाक मारली. मग वाकला आणि गावाला निघालेल्या माणसाबरोबर घरी निरोप धाडावा तशा आवाजात म्हणाला, "रमाकांत, रखमा भेटली तर तिला सांग. मला कुणी बोलावलंच नाही म्हणून सांग. बोलावलं असतं तर बॅट टाकून आलो असतो. एवढं सांग. विसरू नकोस."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. माणूस जातो तो जातो, पुढे कुणी कुणाला भेटत नाही, असं मी समजतो. पण त्या घटकेला मीही रमाकांतच्या तोंडाकडे बघत होतो, त्याने मान हलवली का ते. कुशाबाने मला विचारलं, "ऐकलं का रे त्याने?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "कळलं नाही." कुशाबा पुन्हा वाकला आणि तोच निरोप सुरुवातीपासून सांगू लागला. ओठ हलायचे केव्हाच थांबले होते, तरी तो सांगत होता.